पांदणींतील पांढरें फूल

शेताची निगा राखणाऱ्या मनुष्यास आपल्या शेतांत काय उगवतें हें विचारलें, तर तो तासातासाची हकीकत सांगेल. परंतु ज्या पांदणीनें तो रोज दोन वेळां जातो-येतो, तिच्या दोहों कांठांस काय उगवलें आहे हें विचारलें, तर बहुतेकजण क्षणभर घुटमळतील. कारण उघड आहे. पांदण कोणाच्या सात-बाऱ्यावर नाहीं, ओढाही नाहीं. आणि जें कोणाच्या नांवावर नाहीं तें पाहण्याची आपल्या डोळ्यांस संवय नाहीं. मला या लेखांत सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, गाजरगवताशीं आपण चालविलेली लढाई आपण या न पाहिलेल्या जागेंत हरत आहों, आणि ती जिंकावयाची असेल तर तेथेंच जिंकली पाहिजे.

प्रथम माझीच कबुली देतों. माझी जमीन मंठा तालुक्यांत एका ओढ्याच्या कांठीं आहे. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत पिकाची पाहणी करून परत येतांना ओढ्याच्या उतारावर गुडघाभर उंचीचें एकच झाड माझ्या दृष्टीस पडलें. पांढरीं बारीक फुलें अंगभर लागलेलीं. ओल्या काळ्या मातीवर तें शोभिवंतही दिसत होतें. खुरपें माझ्या हातांत होतें. परंतु झाड धुऱ्यापलीकडे होतें. ‘आपल्या हद्दींत नाहीं’ असें मनाशीं म्हणून मी पुढें गेलों. दुसऱ्या पावसाळ्यांत त्या उतारावर त्याचा वाफाच तयार झाला. तिसऱ्या वर्षीं ओढ्यास पूर आला; आणि पाणी ओसरल्यावर माझ्या खालच्या पट्टींत, जेवढ्या भागावर गाळ बसला होता तेवढ्याच भागांत, हरभऱ्याच्या आधीं हें गवत उगवून आलें. पाणी कोठवर चढलें होतें हें कोणासही त्या हिरव्या रेषेवरून दाखवितां आलें असतें. जें एक झाड उपटावयास मला दोन पळें लागलीं नसतीं, त्याच्या संततीपायीं तेव्हांपासून दर हंगामांत मी मजुरी मोजीत आहें.

या गवतास कोणी गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. शास्त्रांत त्याचें नांव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असें असून तें सूर्यफुलाच्या व शेवंतीच्या कुळांतलें आहे. फुललेलें झाड सर्वांस ओळखतां येतें. पण ओळख तेव्हां पटली तर फारसा उपयोग नाहीं. तें ओळखावयाचें तें रोपाच्या अवस्थेंत. उगवल्यावर कांहीं दिवस त्याचा दांडा वर येत नाहीं. पानें मुळाभोंवतीं चक्राकार पसरून जमिनीस चिकटून राहतात, आणि आपल्या खालीं दुसऱ्या गवताचें पातें उगवूं देत नाहींत. पान गाजराच्या पानासारखें चिरलेलें, फिकट हिरवें आणि बारीक लव असलेलें असतें. पुढें मधून दांडा निघतो. त्यावर उभ्या रेघा असतात, आणि वर जाऊन तो अनेक फांद्यांत फुटतो. ज्यास आपण एक फूल म्हणतों तो खरोखर अतिशय लहान फुलांचा एक गुच्छ असतो. त्याच्या कडेस पांच पांढरे कोपरे दिसतात. त्या प्रत्येक कोपऱ्याशीं एक, अशीं एका गुच्छांत पांचच बीजें धरतात. पांच ही संख्या ऐकून कोणी निश्चिंत होऊं नये. जोमदार झाडावर असे गुच्छ हजारोंनीं लागतात, आणि एकटें झाड १५,००० ते २५,००० पर्यंत बीजें टाकूं शकतें. उगवणीपासून सुमारें चार आठवड्यांत त्यास फूल येऊं लागतें. बीं इतकें हलकें कीं तें वाऱ्यानें उडतें, पाण्यावर तरंगतें, आणि ओल मिळेल त्या महिन्यांत उगवतें; शिवाय मातीखालीं गाडलें गेलेलें बीं अनेक वर्षें जिवंत राहतें.

हें झाड मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतलें. आपल्याकडे तें परदेशी गव्हाबरोबर आलें अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि अमेरिकेच्या पी. एल. ४८० या कायद्याखालीं आलेल्या गव्हास त्याचा दोष दिला जातो. तारखा लावून पाहिल्या तर ही गोष्ट तितकी सरळ दिसत नाहीं. पुण्यास हें गवत १९५५ च्या सुमारास उकिरड्यांवर व पडीक जागीं वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आलें. आणि त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टांत झाला. त्यापूर्वींही अमेरिकेचा गहूं देशांत येत होता हें खरें. परंतु कलकत्त्याच्या सरकारी बागेंतील वनस्पतींची रॉक्सबर्गची जी यादी १८१४ सालीं प्रसिद्ध झाली, तींतही या वनस्पतीचें नांव आढळतें. तें कोणत्या वाटेनें आलें यावर विद्वानांनीं खुशाल वाद करावा. आपणांस उपयोगाचा मुद्दा निराळा आहे. पुण्याच्या उकिरड्यावरील तें थोडें गवत वेळींच उपटलें गेलें असतें, तर त्याचा प्रसार केवढा तरी रोखला गेला असता. तें तेव्हां कोणाच्या शेतांत नव्हतें, म्हणून कोणाचेंही नव्हतें. माझ्या ओढ्याकांठीं घडलें तेंच त्यापूर्वीं त्या शहरीं घडून गेलें होतें.

नुकसान काय होतें हें थोडक्यांत सांगतों. या झाडांत पार्थेनिन नांवाचें एक विषारी द्रव्य आहे. मुळांतून, पडलेल्या पानांतून तें जमिनींत उतरतें आणि शेजारच्या रोपांची वाढ खुंटवितें. त्याचे परागकण वांगी, टोमॅटो, मिरची, घेवडा यांच्या फुलांवर पडल्यास फळधारणा कमी होते, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे. म्हणजे मिरचीचा वाफा आंतून कितीही स्वच्छ ठेवला आणि धुऱ्यावर हें गवत फुलूं दिलें, तर नुकसान धुरा ओलांडून आंत येतेंच. जनावरें तें सहसा खात नाहींत. पण चाऱ्याच्या टंचाईंत दुसऱ्या गवताबरोबर तोंडांत गेलें तर दुधास कडवटपणा येतो, आणि अधिक गेल्यास जनावर आजारी पडतें.

परंतु सर्वांत मोठी हानि माणसांची आहे, आणि ती आपणां जमीनधारकांची नसून बहुधा दुसऱ्यांची असते. पुण्याकडील रुग्णांच्या त्वचेवर या झाडानें होणाऱ्या विकाराची हकीकत १९७४ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ज्यांस तें बाधतें त्यांच्या पापण्या, मान, कोपराची लवण व हात यांवर खाज सुटून कातडी जाड व काळी पडते. कित्येकांस शिंका व दमाही जडतो. एकदां शरीर त्यास बिथरलें म्हणजे पुढें वाऱ्यावरील धूळही पुरते. माझ्या शेतावर अनेक वर्षें खुरपणीस येणाऱ्या एक वयस्क बाई एके वर्षीं त्या खालच्या पट्टींत बसावयास कांकूं करूं लागल्या. मीं तें कामचुकारपणाचें निमित्त समजलों आणि तसें बोलूनही दाखविलें. त्यांनीं उत्तर केलें नाहीं. फक्त पदराखालचे दोन्ही हात पुढें केले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या व मनगटापासून कोपरापर्यंत कातडी खरबरीत झाली होती. ‘भाऊ, रातीं झोंप नाहीं येत,’ एवढेंच त्या म्हणाल्या. आळस माझा होता, ओढ्याच्या उतारावर खुरपें न चालविण्याचा. आणि त्याची किंमत त्यांच्या हातांनीं दिली होती. त्या दिवसापासून या विषयावर लिहिण्याचें माझ्या मनांत आहे.

आतां पांदण व ओढा यांचा विचार करूं. मंठ्याहून जालना, परतूर, लोणार, जिंतूर या गांवांकडे रस्ते फुटतात. रस्त्याच्या भरावास येणारा मुरूम व माती यांबरोबर बीं येतें. ट्रॅक्टरच्या चाकांच्या चिखलांत, एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जाणाऱ्या हार्वेस्टरच्या पोटांत, बाजारांतून आणलेल्या चाऱ्याच्या पेंढींत, जनावरांच्या खुरांत आणि न कुजलेल्या शेणखतांत तें येतें. रस्त्यावरून पांदणींत, पांदणींतून ओढ्यांत, आणि ओढ्यांतून खालच्या प्रत्येक शेतांत, असा त्याचा प्रवास आहे. आपल्याकडील ओढे शेवटीं पूर्णेस किंवा दुधनेस मिळतात, आणि दुधनाही पुढें पूर्णेसच मिळून गोदावरींत जाते. सबब वरच्या गांवानें उपेक्षिलेलें बीं खालच्या गांवास मिळतें, आणि खालच्या गांवानें कितीही खुरपलें तरी दर पुराबरोबर नवें बीं हजर होतें.

ऑस्ट्रेलियाचा दाखला येथें देण्यासारखा आहे. त्या देशांतील क्वीन्सलंड प्रांतांत हें गवत पुण्याप्रमाणेंच १९५५ सालीं प्रथम आढळलें. पुढें १९६० सालीं टेक्सासहून आणलेल्या चराऊ गवताच्या बियाण्यांतून तें दुसऱ्या ठिकाणीं शिरलें व तेथून अफाट पसरलें. शेजारच्या न्यू साउथ वेल्स प्रांतानें मात्र हद्दीवर कापणीचीं यंत्रें तपासून व धुऊन घेण्याचा नियम केला, आणि रस्त्याकडेस एखादें झाड दिसलें कीं तें ताबडतोब काढण्याची व्यवस्था ठेवली. परिणामीं त्या प्रांतांत अद्यापि हें गवत सर्वत्र माजूं शकलेलें नाहीं. फरक हवेंत किंवा जमिनींत नव्हता. तो नजरेंत होता. आपल्या गांवीं येणाऱ्या हार्वेस्टरवाल्यास ‘शेतांत उतरण्यापूर्वीं यंत्र झाडून घे’ असें सांगण्यास आपणांस कोणत्याही कायद्याची जरुरी नाहीं.

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. कोणी म्हणतील कीं याकरितां मेक्सिकन भुंगे आहेतच. आहेत, आणि ते उपयुक्तही आहेत. हा फिकट पिंवळसर रंगाचा, पाठीवर तपकिरी रेघा असलेला लहान भुंगा १९८३ सालीं मेक्सिकोहून बंगळूरास आणला गेला व तपासणीनंतर १९८४ पासून शेतांत सोडण्यांत आला. त्याच्या अळ्या व प्रौढ भुंगे दोन्ही गाजरगवताचीं पानें खातात. तो सूर्यफुलाच्या पिकावर जाईल अशी भीति मध्यंतरीं व्यक्त झाली होती. तपासाअंतीं पिकास तसा धोका आढळला नाहीं. परभणीचें कृषि विद्यापीठ हे भुंगे शेतकऱ्यांस पुरवीत आलें आहे. जेथें ते दिसतील तेथें फवारणी करूं नये. परंतु भुंग्याचा उद्योग पावसाळ्यापुरता असतो. थंडी सुरू होतांच तो मातींत शिरून स्वस्थ पडतो. आणि आपल्या ओढ्यांच्या कांठीं ओल तर माघापर्यंत असते. त्या चार महिन्यांत गवत वाढतें आणि भुंगा झोंपलेला असतो. भुंगा आपला मदतनीस आहे. त्यास सालगडी समजून आपण बाजेवर पडणें योग्य नाहीं.

दुसरे म्हणतील कीं तणनाशक मारावें. पडीक जागेंत एकवेळ तें चालेल. पण ज्या ओढ्याचें पाणी जनावरें पितात आणि कांठच्या विहिरींत झिरपतें, त्या कांठावर औषध मारण्याचा सल्ला मी तरी देणार नाहीं. मिठाच्या पाण्याची फवारणीही कित्येक सुचवितात. परंतु धुऱ्यावर टाकलेलें मीठ पावसानें शेतांतच उतरतें, हें विसरून चालणार नाहीं.

तिसरे म्हणतील कीं हें सरकारचें काम आहे. कर्नाटक सरकारनें १९७५ सालीं या गवतास कायद्यानें उपद्रवी तण ठरविलें. तरी तेथील वाटांच्या कडेस तें आजही फुलतें. जबलपूर येथील तण संशोधन संस्थेच्या प्रेरणेनें दरवर्षीं १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृतीचा सप्ताह पाळला जातो. तो स्तुत्य आहे. परंतु आपल्याकडे मृगाच्या पावसावर उगवलेलें रोप तोंवर फुलून बीं झाडूं लागलेलें असतें. देशभराकरितां ठरविलेली तारीख प्रत्येक गांवच्या पावसास कशी जुळेल? ती आपली आपणच ठरविली पाहिजे.

यास्तव माझी सूचना अशी आहे. प्रत्येक खातेदारानें आपल्या शेतास लागून असलेली पांदण व ओढ्याचा कांठ हा आपल्याच शेताचा भाग समजावा. मालकीसाठीं नव्हे, निगेपुरता. वर्षांतून तीन फेऱ्या कराव्या. पहिली पुनर्वसूंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यानंतर ढळूं न देतां, जेव्हां रोपें चक्राकार बसलेलीं असतात व ओल्या मातींतून मुळासकट निघतात. दुसरी पोळ्याच्या आधीं, मागाहून उगवलेल्या रोपांसाठीं. तिसरी दिवाळीनंतर, भुंगे जमिनींत गेल्यावर, मुख्यतः ओढ्याकांठीं. फेरी वरच्या अंगापासून सुरू करून पाण्याच्या ओघाबरोबर खालीं यावें. खालून वर जाणाऱ्याचे श्रम पहिल्या पुरांत वाहून जातात. विळ्यानें वरचेवर कापूं नये, कारण बुडख्यापासून तें पुन्हां फुटतें व फुलतें.

उपटतांना हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा असावा, आणि त्याचा खर्च मालकानें सोसावा. ज्यास हें गवत बाधतें त्यास या कामावर बसवूं नये. त्या दिवशीं त्यास दुसरें काम द्यावें आणि रोज बुडवूं नये. फूल येण्यापूर्वीं उपटलेल्या रोपांचें खत उत्तम होतें. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं प्रचारांत आणलेल्या नाडेप पद्धतीच्या टाक्यांत तीं खुशाल घालावीं. फुललेलीं झाडें मात्र खड्ड्यांत घालूं नयेत, नाहींतर तेंच बीं खताच्या गाडींतून आपण आपल्या हातानें शेतांत पसरूं. तीं एके जागीं वाळवून, वस्तीकडे धूर जाणार नाहीं असें पाहून जाळावीं.

उपटलेली जागा उघडी ठेवणें म्हणजे पुढच्या बियांस आमंत्रण देणें होय. तेथें तरोटा पेरावा. त्याच्या शेंगा हिवाळ्यांत धुऱ्यांवर फुकट मिळतात; बीं जपून ठेवून पहिल्या पावसापूर्वीं पांदणीच्या कडेस फेंकलें कीं तो दाट उगवतो आणि गाजरगवतास उजेड मिळूं देत नाहीं. त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी आपल्या घरांत होतेच. तरोटाही शेतांत शिरूं देऊं नये हें सांगावयास नकोच.

मजुरीच्या या काळांत ही नवी तोशीस कशी सोसावी, असें कोणी विचारील. मीं स्वतः हिशेब करून पाहिला आहे. पांदण व कांठ मिळून माझ्या वांट्यास येणारी लांबी दोन माणसांच्या एका सकाळचें काम आहे, अशा तीन सकाळी. खालच्या पट्टींतील जादा खुरपणीस मला याच्या कितीतरी पट खर्च येत होता. अर्थात् माझ्या एकट्याच्या तीन सकाळींनीं भागत नाहीं. गेलीं दोन वर्षें मी व माझ्या वरच्या अंगाचे तीन शेजारी मिळून हें करीत आहों. गवत नाहींसें झालेलें नाहीं. जमिनींतलें जुनें बीं अजून वर येतें. परंतु गेल्या पुरानंतरच्या गाळांत जीं रोपें आलीं तीं मला बसून मोजतां आलीं, आणि त्या बाईंना मीं त्या पट्टींत बोलावलेलें नाहीं.

परकें झाड म्हणून प्रत्येक झाडाचा द्वेष करावा असें माझें म्हणणें नाहीं. मिरची, मका, भुईमूग हींही मूळचीं अमेरिकेचींच. पण तीं आपण पाहून, पारखून शेतांत घेतलीं. जें आपण न पाहतां येऊं दिलें तेंच आपल्या उरावर बसलें. नाल्यांतील बेशरमाचीही कथा अशीच आहे. कुंपणास सोयीचें म्हणून कित्येकांनीं तें हातानें लावलें, आणि आतां तें नाल्यांचे ओघ अडवून बसलें आहे. उद्यां आणखी एखादें नवें फूल पांदणींत दिसेल. तें पिंवळें असो कीं पांढरें, पहिल्या झाडापाशीं थांबून ‘हें कोण?’ असें विचारणारा मनुष्य प्रत्येक शिवारांत एक तरी असावा.

हा अंक आपल्या हातीं पडेल त्या दिवशीं सायंकाळीं शेतावरून परततांना, वाचकहो, एवढें करा. नजर आपल्या पिकावरून काढून वाटेच्या कडेस टाका. तेथें एखादें चिरल्या पानांचें चक्र जमिनीस चिकटून बसलेलें दिसेल. तें कोणाच्या हद्दींत आहे हें विचारूं नका; हात झांकून घ्या, आणि मुळासकट काढा.